वधस्तंभावरची ती हाक: विश्वास कमी पडला म्हणायचं का?

प्रश्न (नवापूर):
शुभ शुक्रवारी चर्चमध्ये बारा ते तीन बसलो. वर तापलेले पत्रे, त्यात लाइट गेलेली. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ या, वधस्तंभावरच्या येशूच्या सात उद्गारांपैकी चौथ्या उद्गाराला अडकलो. उपवासकाळातच बाबा गेले. शेवटच्या रात्री माझं मनगट धरून विचारत होते, “देव कुठं गेला रे?” मंडळीतले काही म्हणतात, विश्वास कमी पडला. मग येशूचं काय?

उत्तर (धुळे):
भाऊ, त्यांचं मनावर घेऊ नका. ती ओळ बायबलमधल्या स्तोत्र 22 ची सुरुवात आहे. तिथलं 24 वं वचन वाचा: देवाने तोंड लपवलं नाही, हाक ऐकली. पण लगेच तिकडे पळूही नका. मार्कच्या शुभवर्तमानात, 15 व्या अध्यायात, येशूच्या त्या हाकेला आकाशातून उत्तर येत नाही.

उत्तर (भुसावळ):
मला योहानाच्या शुभवर्तमानातल्या 20 व्या अध्यायाने सावरलं. पुनरुत्थानानंतरही प्रभूच्या हातावर खिळ्यांचे व्रण होतेच. शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला तेच दाखवले, रागावून हाकललं नाही.

प्रश्न विचारणारा:
24 वं वचन काढलं. बाबांच्या पवित्र शास्त्रात त्याखाली पेन्सिलीची रेघ आहे, थरथरत्या हाताची.