मदत हवी आहे: क्यूटेबलव्ह्यूमध्ये ओळ ओढून सोडली की दुसऱ्या लेखाचा मजकूर पुसला जातो

नमस्कार मंडळी,

आमच्याकडच्या एका छोट्या दिवाळी अंकासाठी अनुक्रमणिका लावायचा प्रोग्राम लिहितोय. पायथन आणि पायसाइड ६ (खिडक्या, तक्ते बनवायची क्यूट लायब्ररी पायथनमधून वापरायची सोय). संपादन एक काकू बघतात. आजवर त्या हे काम एक्सेलमध्ये करत आल्या आहेत: लेखाची ओळ कापायची, वर-खाली चिकटवायची आणि मग प्रत्येक लेखाचं आरंभपान नव्याने मोजत बसायचं. शेवटच्या आठवड्यात एक पानभर जाहिरात आली तरी सगळे आकडे सरकतात. ओळ माउसने उचलून हवी तिथे सोडली की पानं आपोआप मोजली जावीत, एवढंच त्यांना हवं आहे, आणि ते त्यांना या वर्षीच मिळावं असं मला मनापासून वाटतं.

रकाने पाच: शीर्षक, लेखक, प्रकार, पाने, आरंभपान. तक्ता दाखवायला क्यूटेबलव्ह्यू आहे, मागे माहिती धरून ठेवायला क्यूस्टँडर्डआयटममॉडेल. सेटड्रॅगड्रॉपमोडला इंटर्नलमूव्ह (आतल्या आत हलवणं) दिलंय, सिलेक्शन पूर्ण ओळीचं आहे. एवढ्यावर ओळ उचलली तर जाते, पण पुढचं बघा:

प्रवासवर्णनाची ओळ उचलून कथेच्या ओळीवर सोडली, तर कथेचं शीर्षक आणि लेखक जाऊन तिथे प्रवासवर्णन बसतं. प्रवासवर्णन जिथे होतं तिथे एक रिकामी ओळ राहते. म्हणजे कथा यादीतून गेलीच! दोन ओळींच्या मध्ये सोडायचा प्रयत्न केला तर मधली जागा सापडतच नाही, कर्सर कायम कुठल्या तरी ओळीवरच धरला जातो. आणि लेखकाच्या रकान्यावर सोडलं तर शीर्षक लेखकाच्या रकान्यात जातं, पुढचं सगळं एक घर उजवीकडे.

हेच क्यूलिस्टव्ह्यूमध्ये (साध्या यादीत) करून पाहिलं, तिथे ओळी नीट सरकतात. मग टेबललाच काय झालंय? ड्रॉपइव्हेंट (सोडल्यावर चालणारं फंक्शन) पूर्ण स्वतः लिहावा लागेल का?

जोडीला दुसरा प्रश्न. लेखांच्या फाइली एक्सप्लोररमधून ओढून खिडकीत टाकायची सोय केली आहे. माझ्या लॅपटॉपवर चालते. छपाईवाल्यांच्या विंडोज संगणकावर मात्र फाइल खिडकीवर आणली की नुसतं मनाईचं चिन्ह दिसतं, ड्रॅगएंटरइव्हेंट (ओढलेली वस्तू खिडकीत शिरल्याची सूचना) येतच नाही. कोड तोच आहे.

कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद

दादा, ड्रॉपइव्हेंटला हात लावू नका. टेबल जे करतंय ते ठरवून दिलेलं वागणं आहे, फक्त तुमच्या कामाला उलटं पडतंय.

ड्रॅगड्रॉपओव्हरराइटमोड नावाचा एक गुणधर्म आहे. लिस्ट आणि ट्री या दोन्हींत तो मुळात फॉल्स असतो, क्यूटेबलव्ह्यूमध्ये ट्रू. ट्रू असला की टेबलला स्प्रेडशीटसारखं धरलं जातं: ज्या घरावर सोडाल त्यावर नवा मजकूर लिहायचा आणि जिथून उचललं ते घर नुसतं रिकामं करायचं. ओळ काढायची नाही. या स्थितीत प्रत्येक ड्रॉप घरावरच मोजला जातो, म्हणून तुम्हाला मधली जागा सापडत नाही. तेव्हा पहिलं काम, सेटड्रॅगड्रॉपओव्हरराइटमोड(फॉल्स).

तेवढ्याने भागणार नाही. क्यूस्टँडर्डआयटम, म्हणजे मॉडेलमधलं एकेक घर, मुळातच ड्रॉप स्वीकारतो, त्यामुळे ओळीच्या मधोमध सोडलं तर तो लेख दुसऱ्या लेखाचं मूल होऊन बसेल आणि टेबलमध्ये दिसणारच नाही. मॉडेलचा स्वतःचा वर्ग करा आणि फ्लॅग्ज फंक्शनमध्ये (घरावर काय काय करता येतं ते हे सांगतं) इंडेक्स, म्हणजे घराचा पत्ता, वैध असेल तर आयटमइजड्रॉपएनेबल्ड ही परवानगी काढून टाका. अवैध इंडेक्स म्हणजे मूळ, तिथे राहू द्या. मग ओळीच्या वरच्या अर्ध्यात सोडलं तर तिच्या आधी, खालच्या अर्ध्यात सोडलं तर तिच्या नंतर. प्रत्येक आयटमवर सेटड्रॉपएनेबल्ड(फॉल्स) करूनही चालतं, पण एखाद्या घरात आयटमच ठेवलेला नसेल तर ते घर ड्रॉप घेतं. वर्गात केलेलं बरं.

रकाना सरकतो त्याचं कारण असं, की ड्रॉपमाइमडेटाला (सोडलेला मजकूर मॉडेलमध्ये भरणाऱ्या फंक्शनला) ओळीबरोबर कर्सरखालच्या रकान्याचा क्रमांकही मिळतो आणि मॉडेल तिथपासून भरायला लागतं. त्याच वर्गात ड्रॉपमाइमडेटा लिहा, आत फक्त मूळ वर्गाचं फंक्शन बोलवा आणि कॉलमच्या जागी शून्य द्या. एका ओळीचं काम.

आता पानांची गोष्ट, कारण तुमचा खरा जीव तिथे आहे. आतमध्ये ही हालचाल म्हणजे आधी नवी ओळ घालणं, मग जुनी काढणं. रोज़इन्सर्टेड (ओळी घातल्या) हा सिग्नल, म्हणजे मॉडेलची सूचना, येतो तेव्हा नवी ओळ अजून कोरी असते, आणि जुनीही जागेवर असते. तिथे पानं मोजलीत तर आधी कोऱ्या ओळीची अडचण, नंतर तोच लेख दोनदा. मोजणी रोज़रिमूव्हडला (ओळी काढल्या) जोडा. शून्य मिलिसेकंदाचा टायमर लावायचा मोह टाळा. लिनक्सवर ड्रॅग चालू असताना इव्हेंट लूप (आलेल्या घटना एकामागून एक हाताळणारं चक्र) फिरत असतो, तो टायमर जुनी ओळ निघण्याआधीही वाजू शकतो.

आणखी एक. हलवलेल्या ओळीत आयटम नवीन तयार होतात. जुने आयटम कुठल्या डिक्शनरीत धरून ठेवले असतील, तर पायथन ऑब्जेक्ट आधीच नष्ट झाल्याची तक्रार करेल. लेखाचा क्रमांक यूझररोलमध्ये (आयटममधली आपल्या माहितीसाठीची जागा) ठेवा, तो ओळीबरोबर प्रवास करतो.

प्रतिसाद

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. तो प्रोग्राम छपाईवाल्यांकडे ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडला जातोय का ते आधी बघा. विंडोज व्हिस्टापासून कमी अधिकाराचा प्रोग्राम जास्त अधिकाराच्या खिडकीला असे संदेश पाठवू शकत नाही. एक्सप्लोरर साध्या अधिकारात चालतो, तुमची खिडकी वरच्या अधिकारात, त्यामुळे ड्रॅग तुमच्या कोडपर्यंत पोहोचतच नाही. शॉर्टकटच्या गुणधर्मांत ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ची खूण असेल तर काढा. प्रोग्राम फाइल्सच्या फोल्डरात काही लिहीत असाल तर ते वापरकर्त्याच्या फोल्डरात हलवा, म्हणजे त्या अधिकाराची गरजच उरणार नाही.

आणि फाइलींची नावं मराठीत असणार, तर टेक्स्ट/युआरआय-लिस्टचा (ओढलेल्या फाइलींच्या पत्त्यांची यादी) कच्चा डेटा वाचू नका, त्यात अक्षरांऐवजी टक्क्यांची चिन्हं आणि आकडे येतात. माइमडेटाचं (ओढलेल्या मजकुराची पुडी) युआरएल्स घ्या आणि प्रत्येकावर टूलोकलफाइल चालवा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. ओव्हरराइटमोड, फ्लॅग्ज आणि शून्य कॉलम, तिन्ही घातल्यावर ओळी हव्या तिथे जातायत, कथा जागेवर आहे. रोज़रिमूव्हडवर आरंभपानंही बरोबर येतात. छपाईवाल्यांच्या शॉर्टकटवर ती खूण होतीच, ती काढल्यावर फाइली येऊ लागल्या.

एक अजून विचारतो. काकूंना कधी कधी कवितांच्या चार-पाच ओळी एकदम उचलायच्या असतात, आणि त्या सलग नसतात. कंट्रोल दाबून निवडल्या तर त्या सोडल्या जागी आपापल्या क्रमाने एकत्र याव्यात, मध्ये कोऱ्या ओळी पडू नयेत. यासाठी माइमडेटा स्वतः बांधावा लागेल, की मूळ मॉडेलकडूनच होतं?