'कालबाह्य' कमांड म्हणावे का?

प्रश्न : मार्गदर्शिकेतली ईग्रेपची (egrep, मजकुरात नमुन्याशी जुळणाऱ्या ओळी शोधणारी कमांड) उदाहरणे बदलायला घेतली आहेत, कारण ही कमांड आम्ही पुढे काढून टाकणार आहोत. तोवर तिच्यापुढे 'डेप्रिकेटेड'साठी (अजून चालते, पण वापरू नये, अशी) 'कालबाह्य' लिहिले तर चालेल का?

उत्तर : मला नाही पटत. कालबाह्य म्हणजे जिचा काळ सरला ती. ईग्रेप अजून चालते. ग्नू ग्रेपच्या (grep, ईग्रेप ज्यासोबत येते तो मूळ प्रोग्राम) २.५.३ या आवृत्तीपासून, म्हणजे २००७ पासून, ती डेप्रिकेटेड आहे, आणि २०२२ मध्ये आलेल्या ३.८ पासून ती चालवली की इशारा छापला जातो. या मधल्या अवस्थेला मराठीत 'मोडीत निघत आलेली' हे नेमके बसते. काढून टाकली की 'मोडीत निघालेली'. 'निघत आलेली' आणि 'निघालेली' यांतला फरक कोणालाही समजावून सांगावा लागत नाही.

दुसरे उत्तर : बोलताना 'मोडीत' छानच, पण मार्गदर्शिकेत मी सरळ 'वापर टाळा, ही कमांड बंद होणार आहे' असे लिहीन आणि पर्याय त्याच ओळीत देईन. विशेषणावर फार वेळ घालवू नका. लोक चौकटीतली ओळ उचलतात आणि थेट टर्मिनलमध्ये डकवतात. शेजारी कितीही ठळक सूचना असली तरी जुने उदाहरण जिवंत असेपर्यंत जुनी कमांड नव्या स्क्रिप्टांमध्ये शिरत राहते. म्हणून उदाहरणे आधी, सूचना नंतर.

बदलताना मात्र सांभाळा. ईग्रेप खोडून नुसते ग्रेप लिहिले तर 'एरर|फेल' या नमुन्यातली उभी रेघ 'किंवा' राहत नाही, साधे अक्षर होते. कमांड तक्रार न करता चालते आणि हव्या त्या ओळी सापडतच नाहीत. ग्रेपला कॅपिटल ई हा पर्याय (-E) द्यायलाच हवा. स्मॉल ईचा (-e) अर्थ वेगळा आहे, तो फक्त 'पुढे नमुना येतो' एवढेच सांगतो. मराठीत दोन्ही 'ई'च, त्यामुळे मजकुरात 'कॅपिटल' हा शब्द गाळू नका.

प्रश्नकर्ता : पटले, 'बंद होणार आहे' असेच लिहितो. जुन्या आवृत्त्यांच्या बदलनोंदींतही ईग्रेप आहे. तेही बदलायचे का?

दुसरे उत्तर : नको. त्या वेळी जे होते तेच तिथे राहू द्या. शोधा-बदला सरसकट चालवू नका, आजच्या वापरासाठी दिलेली उदाहरणे तेवढी हाताने बदला आणि प्रत्येक एकदा चालवून बघा.