बिल ली यांचा संथ चेंडू शाळेतल्या डावखुऱ्या पिचरला शिकवावा का?

दादरचा_डावरा:
नमस्कार मंडळी. शिवाजी पार्कच्या बाजूला सराव करणाऱ्या शालेय बेसबॉल संघात (वय १४ ते १६) दोन डावखुरे पिचर (बॅटरकडे चेंडू फेकणारे) आहेत. दोघंही क्रिकेटमधून आलेले, डावखुरी फिरकी टाकणारे. वेग नाही, डोकं आहे. त्यांच्यासमोर बॉस्टन रेड सॉक्सच्या बिल ली यांचं उदाहरण ठेवायचंय. पण वाचायला मिळतं ते सगळं 'स्पेसमन' या टोपणनावाच्या या माणसाच्या तऱ्हेवाईकपणाबद्दल. पिचर म्हणून ते किती मोठे? आणि १९७५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये (अमेरिकेच्या मेजर लीगची अंतिम मालिका) सिनसिनाटीच्या टोनी पेरेझने ज्यावर होम रन (चेंडू थेट मैदानाबाहेर) मारला, तो उंच संथ चेंडू मुलांना शिकवावा का?

मैदानवाला:
मोठेच. १९६९ ते १९८२, आधी बॉस्टन, १९७९ पासून मॉन्ट्रियल. ११९ विजय, ९० पराभव, ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडणाऱ्या धावा) ३.६२. १९७३, ७४ आणि ७५ या तिन्ही वर्षी प्रत्येकी १७ विजय. पण मुलांना दाखवायचा आकडा वेगळा आहे. १,९४४ इनिंगमध्ये स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर बाद) फक्त ७१३, म्हणजे नऊ इनिंगमागे ३.३. बॅटर चेंडू मारत होते, पण जमिनीवर.

याचं महत्त्व फेनवे पार्कमुळे कळतं. तिथली डावीकडची भिंत कोपऱ्यात होम प्लेटपासून (बॅटरपुढची पाटी) जेमतेम ३१० फुटांवर आणि ३७ फूट उंच. उजव्या बॅटरने ओढलेला साधा उंच फटकाही भिंतीवर आदळतो, म्हणून डावखुऱ्या पिचरला ते मैदान जाचक मानतात. लींनी सिंकर (बॅटरजवळ येताना खाली बुडणारा चेंडू) गुडघ्याच्या उंचीवर आणि बाहेरच्या कोपऱ्यावर ठेवला. आपल्याकडे मुंबईच्या पावसाळी क्रिकेटमध्ये, कांगा लीगमध्ये, ओल्या खेळपट्टीवर जुने डावखुरे फिरकीपटू एकच टप्पा धरून बसायचे, तीच चिकाटी.

तेव्हा आधी सिंकर. तर्जनी आणि मधलं बोट दोन अरुंद शिवणींवर, शिवणीच्या दिशेने ठेवा. सोडताना दाब तर्जनीचा. मनगट मुद्दाम पिरगाळू देऊ नका, कोवळ्या कोपरावर ताण येतो. क्रिकेटमधून आलेली मुलं हात सरळ ठेवून फिरवतात, तेही सोडवावं लागेल. इथे कोपर वाकलेलं असतं आणि चेंडू पुढच्या पायाच्याही पुढे सुटतो. हात आधीच सुटला की सिंकर छातीच्या उंचीवर तरंगतो आणि पार मैदानाबाहेर जातो.

गिरगाव_कॅचर:
पेरेझच्या चेंडूबद्दल. सातवा, निर्णायक सामना, सहावी इनिंग, बॉस्टन ३-० पुढे. सिनसिनाटीचा पीट रोझ पहिल्या बेसवर, त्याचा सहकारी जॉनी बेंचचा फटका जमिनीवरून शॉर्टस्टॉपकडे (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक). डबल प्ले (एकाच फटक्यावर दोघे बाद) झाला असता तर इनिंग तिथेच संपली असती. रोझ दुसऱ्या बेसवर जोरात घसरत आला, फेक चुकली आणि बेंच दुसऱ्या बेसवर पोहोचला. मग तो संथ चेंडू, आणि ३-२. सातव्या इनिंगमध्ये अंगठ्याला फोड आल्याने लींना बाहेर जावं लागलं. सिनसिनाटीने शेवटी ४-३ असा सामना आणि मालिका जिंकली. सगळा दोष त्या एका चेंडूवर टाकणं मला पटत नाही. पण निवड चुकलीच होती. पेरेझने तो चेंडू आधी पाहिला होता, आणि बघितलेली फसवणूक दुसऱ्यांदा चालत नाही.

शिकवायचा असेल तर: चेंडू तळहातात खोल धरायचा, हाताचा वेग सिंकरइतकाच. मुलं हात हळू करतात आणि बॅटरला तिथेच कळतं. कमान अशी हवी की चेंडू खाली येताना पट्ट्यापासून गुडघ्यापर्यंतच्या टापूत प्लेट ओलांडेल. कमी उंच गेला तर तो नुसता मंद सरळ चेंडू. बेसवर धावपटू असेल तर अजिबात नको, चेंडू हवेत असेपर्यंत तो पुढचा बेस चोरतो. एका बॅटरला सामन्यात एकदाच.

बोरिवली_लेफ्टी:
कारकीर्दीचा उत्तरार्ध राहिला. २० मे १९७६ ला यँकी स्टेडियमवरच्या मारामारीत डाव्या खांद्याचे अस्थिबंध फाटले. त्या मोसमात फक्त ५ विजय. तरीही १९७९ मध्ये मॉन्ट्रियलसाठी १६. खांद्यातला जोर गेला तरी नेम शाबूत राहिला, म्हणूनच ते जमलं.

१९८२ मध्ये सहकारी रॉडनी स्कॉटला संघातून काढलं म्हणून ते निषेध करून स्टेडियममधून निघून गेले. संघाने त्यांनाही काढलं, आणि मेजर लीगमधल्या दुसऱ्या कोणीही घेतलं नाही. माझ्या मते हा माणूस विक्षिप्त नव्हता, सहकाऱ्यासाठी उभा राहणारा होता. मुलांना हेही सांगा. २०१२ मध्ये ६५ व्या वर्षी सॅन राफेल पॅसिफिक्स या व्यावसायिक संघाकडून त्यांनी पूर्ण नऊ इनिंग टाकून सामना जिंकला.

दादरचा_डावरा:
आभार. म्हणजे या मोसमात फक्त सिंकर. पावसाळ्यात ओल्या चेंडूने सराव करावा का?

मैदानवाला:
नको. बेसबॉलचं कातडं पाणी पितं, चेंडू जड होतो आणि शिवण बोटाला लागत नाही. पकड घट्ट करण्याच्या नादात कोपर आखडतं. जूनपासून शाळेच्या पोर्चमध्ये जाळी बांधा आणि गुडघ्याच्या उंचीवर एक दोरी ताणा. चेंडू दोरीखालून गेला तरच मोजायचा.