कु-रिंग-गाय चेस राष्ट्रीय उद्यान, सिडनी: वेस्ट हेडची कातळशिल्पं कधी आणि कशी पाहावीत?

रानफेरी_सिडनी
जूनमध्ये आई-बाबा पुण्याहून येताहेत. बाबांनी रत्नागिरीकडची कातळशिल्पं पाहिली आहेत, म्हणून इथलीही दाखवायची आहेत. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे फार चढउतार नको. नकाशावर माउंट कु-रिंग-गाय स्टेशन दिसतं, तिथून जमेल का? किती वाजता पोचावं?

वाटाड्या
ट्रेनने जाऊ नका. ते स्टेशन उद्यानाच्या पश्चिम कडेला आहे, शिल्पं पूर्वेला वेस्ट हेडकडे, आणि मध्ये कोवन क्रीक ही खाडी. मोना व्हेल रोडने टेरी हिल्स गाठा आणि पुढे वेस्ट हेड रोड धरा. प्रवेशाचे गाडीमागे दिवसाला १२ डॉलर. पाम बीचहून उद्यानातल्या बेसिन या किनाऱ्याला फेरीबोटही जाते, पण धक्क्यावरून शिल्पांपर्यंत खडा चढ आहे, काकूंना झेपणार नाही. रस्त्याच्या बाजूने बेसिन ट्रेलवर शिरलात तर वाट रुंद आहे आणि मोठा उतार लागायच्या आधीच तो कातळ येतो. माणसं, वॉलबी (छोटं कांगारू), मासे यांच्या आकृत्या तिथे दिसतात. बघून झालं की तिथूनच मागे फिरा.

पिण्याचं पाणी घरूनच न्या. मोबाइलला रेंज भरवशाची नाही.

तिरपं_ऊन
वेळ सगळ्यात महत्त्वाची. खाचा उथळ आहेत, ऊन वरून पडलं की त्यांत सावलीच धरत नाही. शिल्पावर उभं राहूनही ते दिसत नाही. जूनमध्ये इथे भर दुपारीही सूर्य ३३ अंशांच्या वर चढत नाही, हा फायदा. तरी साडेतीनपर्यंत पोचाच, कारण पाचच्या आत सूर्य मावळतो. सूर्याकडे तोंड करून कातळाच्या कडेला उकिडवं बसा. नजर जमिनीलगत आली की वॉलबीची पाठ, मग शेपटी, अशी रेघ उमटत जाते. काकूंना उकिडवं बसणं नको, घडीची छोटी खुर्ची न्या.

सडेकर
बाबांना फरक सांगून ठेवा. कोकणात जांभा, इथे हॉक्सबरी वालुकाश्म. टोकदार दगडाने आकृतीच्या कडेने टिंबं ठोकायची आणि मग ती जोडून सलग खाच करायची, ही इथली पद्धत. जुन्या खाचेत काही ठिकाणी ती टिंबं अजून ओळखू येतात.

या दगडाची वरची साल टणक असते आणि आतला भाग ठिसूळ. बुटाला चिकटलेली वाळू त्यावर पॉलिशपेपरसारखी घासते. म्हणून आकृतीवर पाय नको, खाचेतून बोट फिरवणं नको. फोटो उठून दिसावा म्हणून खडूने रेघ भरणं तर अजिबात नको: खडू पुसताना दगड झिजतो. पावसानंतर खाचेत पाणी साचून रेषा छान दिसते, पण तेव्हा कातळ निसरडा असतो. काकूंना कडेलाच थांबवा.

रानफेरी_सिडनी
आभारी आहे. लाल हातांची गुहाही त्याच दिवशी होईल का?

वाटाड्या
होईल, पण आधी तीच करा. वेस्ट हेडच्या रेझोल्यूट पिकनिक ग्राउंडपासून ती जवळ आहे. तिथून पुढची पूर्ण फेरी काकूंसाठी सोडून द्या. ते हाताचे ठसे नव्हेत बरं का. हात दगडावर टेकवून तोंडातून लाल गेरूचं पाणी फवारलेलं आहे, म्हणजे हात कोरा आणि भोवती रंग. फ्लॅश बंद ठेवा.

सडेकर
एक विनंती. ‘ही आकृती अमुक देवाची’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर ते पुढे पसरवू नका. १७८९ च्या देवीच्या साथीत सिडनी परिसरातले निम्मे मूळ रहिवासी दगावल्याचं तेव्हाच्या ब्रिटिश वसाहतीचा गव्हर्नर फिलिप याने लिहून ठेवलं आहे. अर्थ सांगणारी माणसंच गेली. ‘कुरिंगगाय’ हे लोकांचं नावसुद्धा १८९२ मध्ये जॉन फ्रेझर या भाषा-अभ्यासकाने बसवलेलं आहे. इथल्या ब्रोकन बे या उपसागराच्या काठच्या कुळाचं जुन्या नोंदींतलं नाव गॅरिगल. अर्थ जाणून घ्यायचा असेल तर अ‍ॅबोरिजिनल वाटाड्यासोबतची फेरी घ्या. आणि पाटी नसलेलं एखादं शिल्प दिसलं तर त्याचं लोकेशन कुठेही टाकू नका.