गेम कंपन्यांची खरेदी-विक्री: बंदी घालावी की अटी?

दारव्हेकर गेमर:
माझ्या मते मोठ्या कंपनीनं दुसरी मोठी गेम कंपनी विकत घेण्यावर बंदीच पाहिजे. मायक्रोसॉफ्टनं अॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड ६८.७ अब्ज डॉलरला घेतली, सौदा १३ ऑक्टोबर २०२३ ला पुरा झाला. जानेवारी २०२४ मध्ये गेमिंग विभागातल्या १,९०० लोकांना काढलं. मे महिन्यात टँगो गेमवर्क्स बंद करायचं जाहीर केलं, हा मायक्रोसॉफ्टनं आधी घेतलेल्या बेथेस्डा या गेम कंपनीबरोबर आलेला स्टुडिओ. त्यांच्या हाय-फाय रश या गेमला येऊन दीड वर्षही झालं नव्हतं, सगळीकडे कौतुक होतं. बेथेस्डाचाच स्टारफिल्ड गेम २०२३ मध्ये फक्त एक्सबॉक्स (मायक्रोसॉफ्टचं गेम खेळायचं यंत्र, म्हणजे कन्सोल) आणि पीसीवर आला. माझ्या भावानं कापसाच्या चुकाऱ्यातून जुना प्लेस्टेशन (सोनीचा कन्सोल) घेतला होता, तो बसला हात चोळत. खेडा खरेदीला गावात एकच गाडी आली की काट्यावर भाव तोच सांगतो. इथंही तेच होणार.

घाटंजीचा पोट्टा:
भाऊ, कन्सोल हाय कोनाकडे? आमच्या गावात सारे मोबाईलवर खेळतात. २ सप्टेंबर २०२० ले पब्जी मोबाईलवर बंदी आली तं पारावर सारे पोट्टे सुन्न बसले होते. मंग पब्जीच्या मूळ कोरियन कंपनीनं चीनच्या टेन्सेंटकडून भारताचे हक्क काढून घेतले, अन् जुलै २०२१ मध्ये तिच्याच मालक कंपनीनं, क्राफ्टननं, बीजीएमआय हा पब्जीचा भारतातला अवतार आणला. २०२२ मध्ये तो पुन्हा हटला, मे २०२३ मध्ये परत आला. एवढे दिवस धीर धराले खिशात पैसा लागते, छोट्या कंपनीचं काम नाही ते. अन् टँगोचं पुढचं तुम्ही सांगितलंच नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये क्राफ्टननंच तो घेतला, हाय-फाय रशसकट. तुमची बंदी असती तं त्याले वाचवलं असतं कोनं?

दारव्हेकर गेमर:
टँगोचं मान्य, ते लिहायला पाहिजे होतं. पण टँगो बंद करायचं जाहीर झालं त्याच दिवशी बेथेस्डाचा आर्केन ऑस्टिन हा स्टुडिओही बंद करायचं ठरलं. त्याला कोणी हात दिला नाही.

उमरखेडची ताई:
घाटंजीच्या दादा, क्राफ्टन काही मायक्रोसॉफ्टएवढी नाही. बुडत्या स्टुडिओला घेणं वेगळं आणि चालत्या कंपनीला गिळणं वेगळं. तरी सरसकट बंदी मलाही पटत नाही. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकानं एप्रिल २०२३ मध्ये हाच सौदा अडवला, तेव्हा मायक्रोसॉफ्टला क्लाऊड गेमिंगचे (इंटरनेटवरून थेट गेम खेळण्याचे) हक्क युबिसॉफ्ट या दुसऱ्या गेम कंपनीला द्यावे लागले. सोनीशीही अॅक्टिव्हिजनच्या कॉल ऑफ ड्यूटी या गेमसाठी १० वर्षांचा करार करावा लागला. म्हणजे दाब दिला की कंपनी वाकते. पण तो सगळा दाब खेळणाऱ्यांसाठी आणि सोनीसाठी होता. गेम बनवणाऱ्यांच्या नोकऱ्या किती वर्षं टिकतील, हे त्या नियामकाच्या अटीत कुठंच नव्हतं. ती अट असती तर मी सौद्याच्या बाजूनं बोलले असते.

घाटंजीचा पोट्टा:
ताई, नोकरीची अट घातली तं घेणारा येईल का? टँगोले घेतानाच क्राफ्टनले अशी अट असती तं?

उमरखेडची ताई:
टँगोसारख्या बंद पडत्याला सूट द्या. ६८.७ अब्ज डॉलर मोजणाऱ्याला नको.