मदत हवी आहे: कॅनडाचा लायसन्सवाला कन्सल्टंट खरा की फक्त भिंतीवरचा?

नमस्कार मंडळी. यावल तालुक्यातून लिहितोय. धाकटी बहीण शिरपूरहून बी.फार्म. झाली, पुढचं शिक्षण कॅनडात घ्यायचं म्हणते. आमच्या घरातून आजवर कोणी परदेशी गेलेलं नाही. केळीचे पैसे आलेत आणि आप्पांनी ते तिच्यासाठीच बाजूला ठेवलेत, म्हणून नीट विचारून पाऊल टाकायचंय.

जळगावात एका कन्सल्टंटकडे गेलो होतो. भिंतीवर लायसन्सची फ्रेम आहे, पण त्यावर नाव भलत्याच माणसाचं. विचारलं तर म्हणाले, "ते आमचे कॅनडातले पार्टनर." फी पावणेदोन लाख, निम्मी आधी. अर्जाचं ऑनलाइन खातं ते स्वतःच्या ईमेलवर उघडणार आणि आपल्या वतीने अर्ज कोण हाताळतंय ते सांगणारा प्रतिनिधीचा फॉर्म जोडायची गरज नाही म्हणे. हे मला पटत नाहीये.

माझ्या वाचनात असं आलं की पैसे घेऊन तिकडच्या व्हिसाचा सल्ला द्यायचा किंवा अर्ज भरायचा, तर माणूस तिथला वकील तरी हवा, नाहीतर कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सचा परवानाधारक. हे शिकायचं कॉलेज नाही, सल्लागारांना परवाने देणारी तिथली संस्था आहे; नोव्हेंबर २०२१ पासून ती हे काम बघते. परवानाधारकांची यादी तिच्या वेबसाइटवर कोणालाही बघता येते. फ्रेममधला नंबर तिथे टाकला, तर नाव सापडलं आणि परवाना चालू दिसतोय. पण त्या माणसाशी आमचं एक अक्षर बोलणं झालेलं नाही!

सगळ्यात जास्त काळजी याची वाटते की अर्जात काही खोटं निघालं तर पाच वर्षांची बंदी बहिणीवर येईल. ऑफिसवाले नामानिराळे राहतील.

तर सांगा, यांच्याकडे काम द्यावं का? आणि स्टडी परमिटची (तिथे शिकायच्या परवानगीची) सरकारी फी १५० कॅनेडियन डॉलर, बायोमेट्रिक्सचे (बोटांचे ठसे-फोटो) ८५, मग बाकी पैसा नेमका कशाचा? जळगाव-धुळ्याकडच्या कोणी केलं असेल तर जरूर लिहा.

प्रतिसाद १ (धुळे):
भाऊ, अजून एक रुपयाही देऊ नका. यादीतच त्या परवानाधारकाचा संपर्क मिळेल. त्यालाच थेट लिहा, "अमुक ऑफिस तुमच्यासाठी काम करतं का?" हो म्हणाला तर त्याच्याशी व्हिडिओ कॉल करा आणि लेखी करार मागा. करार देणं त्याला बंधनकारकच आहे. करारात कामं, फी, परताव्याच्या अटी आणि त्याचं नाव हवं. आयएमएम ५४७६ हा प्रतिनिधीचा फॉर्म तर भरायलाच लावा. तो टाळणारा माणूस उद्या म्हणेल, अर्ज मी भरलाच नाही.

कॉलेज शोधून देणं हे वेगळं काम. त्याचं कमिशन बऱ्याचदा तिकडची कॉलेजंच एजंटला देतात, त्यामुळे पावणेदोन लाखांत ते धरलंय का ते विचारा. आणि "शंभर टक्के व्हिसा" म्हणाले तर उठून या, परवानाधारकाला अशी हमी देताच येत नाही.

धागाकर्ता:
मनापासून आभार, दादा. यादीतल्या पत्त्यावर आत्ताच ईमेल केला. ऑफिसवाल्यांना कळवलंय की खातं बहिणीच्याच ईमेलवर उघडायचं. अजून एक विचारतो: राहण्या-खाण्यासाठी २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवायचे आहेत. शेतीचं उत्पन्न दाखवताना सातबारा आणि केळीच्या विक्रीच्या पावत्या इंग्रजीत भाषांतर करून कोणी जोडल्यात का? भाषांतर कुठे करून घेतलं?