अरबी जुनी वाटते खरी, पण हिब्रूची आई नाही

वर कोणीतरी लिहिलंय की अरबीने मूळ सेमिटिकचे (अरबी, हिब्रू वगैरे ज्या जुन्या भाषेतून निघाल्या तिचे) सगळे आवाज जसेच्या तसे ठेवलेत, म्हणून हिब्रू तिच्यातूनच निघाली असणार. पहिला भाग बराचसा बरोबर आहे, मूळ 29 व्यंजनं धरतात आणि अरबीत 28 आहेत, पण त्यावरून दुसरं निघत नाही, त्या बहिणी आहेत.

आणि जो आवाज अरबीने घालवला तोच सगळ्यात भारी! मुळात स-श सारखे तीन आवाज होते, त्यातला एक जिभेच्या कडेने हवा सोडून काढायचा, थोडा ल सारखा. अरबीत त्याचा श झाला, हिब्रूत स, म्हणजे दहाला अरबीत अश्र आणि हिब्रूत एसेर. येमेन-ओमानकडच्या मेहरी या सेमिटिक भाषेत तो अजून जिवंत आहे, रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा मी थक्क झाले. हिब्रूतल्या 'कस्दीम'ना, म्हणजे बॅबिलोनकडच्या एका जुन्या लोकांना, ग्रीक लोक खाल्डियन म्हणायचे, तो ल आला कुठून हा प्रश्नसुद्धा यानेच सुटतो, अक्कडीत (बॅबिलोनच्या जुन्या सेमिटिक भाषेत) त्यांना कल्दू म्हणत. आपल्या मराठी बायबलात मात्र हिब्रूसारखं 'खास्दी' आहे.